बाबांचे दहा

डबी मेली तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो दाराचा.

डबी म्हणजे आमच्या घरातला इंटरनेटचा राउटर. गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याने त्यातलं कंपनीचं सॉफ्टवेअर काढून दुसरंच, स्वतःच्या मनासारखं घातलं आणि तेव्हापासून तो राउटर आमच्यासाठी डबी झाला. कंपनीच्या सॉफ्टवेअरला जे जमत नव्हतं ते डबीला जमायचं. आमच्या पुढच्या दाराच्या चौकटीला बोटभर लांबीचा एक तुकडा चिकटवलेला आहे. दार उघडलं की तो तुकडा डबीला सांगतो, डबी माझ्या फोनला सांगते, आणि फोन असा काही केकाटतो की मी खुर्चीतून उडते. मी घरी पडदे शिवते. माझं मशीन मोटारवर चालतं. ते चालू असताना शेजारी कोणी भिंत पाडली तरी मला पत्ता लागत नाही. म्हणून ही सगळी व्यवस्था.

व्यवस्था सासऱ्यांसाठी. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, पायांनी ठणठणीत, आणि डोक्याने गेली दोन वर्षं हळूहळू निसटत चाललेले. ते बाहेर निघून जातात. कुठे, कशाला, त्यांनाही सांगता येत नाही. गेल्या वर्षी एकदा त्यांनी माझ्या पांढऱ्या अस्तराच्या कापडावर बुटाचं काळं पॉलिश सांडलं. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. बाहेर व्हा आधी इथून, असं म्हणून मी मशीनवर जाऊन बसले, आणि तासाभराने उठून पाहते तर घरात कोणी नाही. पाच तासांनी ते कालव्याच्या काठावर सापडले. एका पायात चप्पल, दुसरा पाय चिखलात, आणि पाणी त्यांच्यापासून दोन हातांवर. ते दोन हात मला अजून डोळे मिटले की दिसतात.

कुलूप लावून पाहिलं नाही असं नाही. त्यानंतरच्याच आठवड्यात लावलं. चौथ्या दिवशी बाबांनी त्यांच्या जुन्या कॅमेऱ्याचा तीन पायांचा स्टँड घेऊन खिडकीची काच फोडली आणि बाहेर पडायला गेले. हाताला अकरा टाके. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पुन्हा कोंडू नका, कोंडलं की ते बिथरतात, त्यापेक्षा लक्ष ठेवा. लक्ष ठेवा म्हणे. डॉक्टरांना काय जातंय सांगायला?

तर दोन दिवसांपासून घंटा उशिरा वाजत होती. मी स्वतः दार उघडून पाहिलं, फोन चार मिनिटांनी ओरडला. चार मिनिटांत बाबा चौकापर्यंत पोचतात, मी मोजलंय. नवरा जहाजावर इंजिनाच्या कामाला आहे, किनारा जवळ असला तरच त्याचा फोन लागतो. आदल्या संध्याकाळी लागला. तो म्हणाला, डबी पूर्ण पुसून तिच्यावर तेच सॉफ्टवेअर नव्याने चढव, लॅपटॉपवर पान उघड, एक बटण दाब, बस. डबीच्या दिव्यावर काळी पट्टी आहे ती काढ, दिवा लुकलुकत असेपर्यंत काम चाललंय असं समज. पाच मिनिटं तिला हात लावू नकोस, मध्येच वीज गेली तर ती कायमची जाईल. मग त्याची रेंज गेली. पुढचा फोन आजच्या संध्याकाळी सातला, असं ठरलं होतं.

मी सगळं सांगितल्यासारखं केलं. डबी असते अंधारखोलीत. बाबांचा फोटो स्टुडिओ होता, तो याच घरात. रस्त्यावर उघडणारी पुढची खोली म्हणजे स्टुडिओ, आता तिथे आम्ही बसतो-उठतो. मागची बिनखिडकीची खोली म्हणजे अंधारखोली, फोटो धुवायची. आता तिथे माझे कापडाचे तागे असतात, आणि फोनची तार तिथूनच आत येते म्हणून डबीही. मी पट्टी काढली, बटण दाबलं, दिवा लुकलुकू लागला. तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध वर आल्याचा वास आला. मी धावले, गॅस बंद केला, ओटा पुसला आणि परत आले. दोन मिनिटं, फार तर अडीच.

अंधारखोलीत बाबा उभे होते, हात पाठीमागे घेऊन. डबीचा दिवा लुकलुकायचा थांबला होता, नुसता लागून राहिला होता. मला वाटलं, झालं वाटतं लवकर. पण लॅपटॉपला डबी सापडेना, फोनवर तिचं नाव दिसेना. मी खटका बंद करून पुन्हा चालू केला. दिवा लागला आणि तसाच राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी नुसती तिच्याकडे बघत होते.

बाबा अजून तिथेच होते. मी म्हटलं, "तुम्ही काय करताय इथे? बाहेर व्हा बघू."

ते गेले. मी वायर काढून घालून पाहिल्या, डबी उलटी करून पाहिली, आणि मग एकदम लक्षात आलं की आता दार मुकं आहे. पळत पुढच्या खोलीत आले तर बाबा दाराशी, कडीवर हात. मी त्यांचा हात कडीवरून सोडवला, खुर्चीत बसवलं, मांडीवर फोटोंचा जुना अल्बम ठेवला. ते शहाण्यासारखे पानं उलटत बसले.

कंपनीला फोन लावला. पलीकडच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की आमचं सॉफ्टवेअर कोणी काढलं. मी सांगितलं. मग तो म्हणाला की तुम्ही उद्योग केलेल्या डब्याला आम्ही हात लावत नाही, नवीन देऊ, तीन दिवस लागतील, आणि दाराची घंटा वगैरे त्यात काही नसतं. मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्याने फोन ठेवला, त्याच्या जागी मी असते तरी ठेवला असता.

तीन दिवस. तीन दिवस मशीन बंद ठेवून मी दाराशी बसेन, पण अंघोळीला कधी जाऊ? डोळा लागला तर? कालव्याचं पाणी हल्ली आणखी वर आलंय.

मग नणंदेला फोन केला. ताई एका शाळेत विज्ञान शिकवतात, दूर राहतात, आणि त्यांच्या भावाला त्या माझ्यापेक्षा जास्त ओळखतात. मी भडाभडा बोलत होते. त्या म्हणाल्या, आधी हळू बोल, तुझा आवाज इथे माझ्या भिंतींवर आदळतोय, बाबा घाबरतील. मी म्हटलं, ताई, बाबा कसले घाबरतात, घाबरले मी आहे. त्यांनी एवढंच सांगितलं की त्याने कृती लिहून ठेवलेली असणार, बाबांचाच मुलगा आहे तो, अंधारखोलीतल्या कपाटाचं दार उघड आणि आतल्या बाजूला बघ.

बाबांच्या कृती तिथे अजून चिकटवलेल्या आहेत. कुठल्या पाण्यात कुठली पूड किती, कोमट की गार, कागद किती वेळ बुडवायचा. पिवळ्या पडलेल्या कागदांवर सुरेख अक्षर. त्यांच्या खाली एक पांढरा कागद, अक्षर माझ्या नवऱ्याचं, म्हणजे मुंग्या चालल्यासारखं.

"डबी मेली तर. लॅपटॉपची वायर डबीच्या पहिल्या भोकात. लॅपटॉपवर 'जीव' नावाचं फोल्डर आहे, त्यातला प्रोग्रॅम चालू कर, तो फाइल घेऊन वाट बघत थांबेल. डबीचा खटका बंद. मागच्या बारीक भोकातलं बटण टाचणीने दाबून धर, मग खटका चालू. बोट हलवू नकोस. दहा मोज. दहाला सोड. आधी सोडलंस तर उठणार नाही, उशिरा सोडलंस तर परत झोपेल. प्रत्येक वेळी मध्ये तीन मिनिटं थंड होऊ दे. दहा म्हणजे बाबांचे दहा."

शेवटचं वाक्य वाचून मला वाटलं, आहे आपला विनोद. त्याला असले विनोद फार सुचतात, विशेषतः दुसऱ्याचा जीव टांगणीला लागलेला असताना.

अंधारखोलीतून पुढची खोली दिसत नाही. स्टुडिओतला उभा आरसा, ज्यात लोक फोटोआधी भांग नीट करायचे, तो मी ओढत आणून दोन खोल्यांच्या मधल्या दारात तिरका लावला. त्यात बाबांची खुर्ची दिसत होती आणि दाराची अर्धी कड. एक डोळा आरशात, एक डबीवर, अशी मी जमिनीवर बसले. टाचण्यांची माझ्याकडे काय कमी! बटण दाबलं, खटका चालू केला, फोनवरच्या घड्याळात दहा सेकंद झाले आणि सोडलं.

लॅपटॉपवर एकच ओळ होती: वाट पाहत आहे. तिने वाट पाहणं सोडलं नाही.

तीन मिनिटं थांबले. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नऊला सोडलं, चौथ्यांदा अकराला. त्याच्या पलीकडे जायला मी धजत नव्हते, उशीर झाला तर परत झोपेल असं लिहिलं होतं आणि झोपलेली डबी पुन्हा उठते की नाही हे लिहिलं नव्हतं. दिवा काही सांगत नव्हता, डबी मेल्यापासून तो एकसारखा लागलेला होता. हाताला घाम सुटला होता आणि टाचणी सटकत होती. पाचव्या वेळी मी बटण दाबलं आणि घड्याळ सातवर असताना मागून कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी दचकले, टाचणी पडली. बाबा होते. आरसा चुकवून बाजूने आले होते. दिव्याकडे बोट दाखवून काही म्हणत होते. मी ऐकलंच नाही.

"किती वेळा सांगायचं? बाहेर व्हा! बाहेर!"

माझाच आवाज त्या बंद खोलीत मला लागला. बाबांनी हात मागे घेतला आणि ते वळले. मी टाचणी शोधायला लागले. ती ताग्याखाली गेली होती. दुसरी घेता आली असती, वाटीभर टाचण्या होत्या, पण रागाच्या भरात मला तीच हवी होती. सापडली. वर पाहिलं. आरशात खुर्ची रिकामी होती आणि दाराच्या कडेतून ऊन आत आलं होतं.

मी कशी धावले मला आठवत नाही. पायात काही नव्हतं. रस्ता दुपारचा, गाड्यांनी भरलेला, आणि मी आधी उजवीकडे पाहिलं, कालव्याच्या दिशेला. कोणी नाही. डावीकडे, चौकाच्या अलीकडे, गाड्या थांबल्या होत्या आणि भोंगे वाजत होते. रस्त्याच्या बरोबर मध्यभागी बाबा उभे होते. पुढे नाही, मागे नाही. एका ट्रकचं तोंड त्यांच्यापासून हातभर. ड्रायव्हर खिडकीतून काही ओरडत होता आणि बाबा त्याच्याकडे बघून मान हलवत होते, हो हो म्हणत असल्यासारखे.

मी त्यांचं मनगट धरलं. ड्रायव्हर माझ्यावरही ओरडला, आणि त्याचं बरोबर होतं. मी बाबांना घरी आणलं. बोलायचं होतं, चांगलं फैलावर घ्यायचं होतं, पण घशातून आवाजच निघत नव्हता. दार लावलं, कडी घातली आणि दाराला टेकून उभी राहिले. आता त्यांना डोळ्यांआड करणं शक्य नव्हतं. आणि डबीशिवाय राहणंही शक्य नव्हतं. शेवटी जेवढा आवाज उरला होता तेवढ्यात मी म्हटलं, "बाबा, माझ्याबरोबर आत येता का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आत? मी येऊ आत?"

"या ना."

अंधारखोलीच्या उंबऱ्याशी ते चप्पल काढून थांबले, मग शिरले. आत येताच त्यांनी आरसा बाजूला सरकवून दाराला कडी घातली आणि भिंतीवरच्या जुन्या खटक्याकडे हात नेला. तो खटका चालतो हे मला माहीतही नव्हतं. वरचा लाल दिवा लागला, फोटोच्या कागदाला तेवढाच चालतो तो. लाल उजेडात माझे पडद्यांचे तागे, कपाट, बाबांचा चेहरा, सगळं एका रंगाचं झालं. बाबांची पाठ ताठ झाली. गेल्या दोन वर्षांत मी त्यांना असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी लॅपटॉपकडे नाराजीने पाहिलं आणि बोटाने त्याचं झाकण खाली केलं. मी ते जेमतेम बोटभर उघडं ठेवलं. त्यांनी चालवून घेतलं.

मी बटणावर टाचणी धरली. बाबा माझ्या शेजारी स्टुलावर बसले आणि त्यांनी कामाच्या माणसासारखं विचारलं, "किती द्यायचे?"

"दहा," मी म्हटलं.

"लाव."

मी खटका चालू केला आणि बाबा मोजायला लागले.

"एक उजेड. दोन उजेड. तीन उजेड."

आवाज घाईचा नव्हता, रेंगाळणाराही नव्हता. प्रत्येक आकड्यानंतर श्वासाएवढी जागा, प्रत्येक वेळी तेवढीच. चाळीस वर्षं या खोलीत त्यांनी असंच मोजलं होतं, कागदावर किती उजेड पडू द्यायचा ते. आणि दाराबाहेर एक पोरगा बसून ते ऐकत मोठा झाला होता, ज्याने पुढे डबीची कृती लिहिली. आठ उजेड झाले तेव्हा फोनवरच्या घड्याळात दहा सेकंद होऊन गेले असावेत. माझं बोट सोडायला बघत होतं. आतून सगळं ओरडत होतं की उशीर होतोय, सोड. मी दात आवळून धरून ठेवलं.

"नऊ उजेड. दहा उजेड. सोड."

मी सोडलं. लॅपटॉपच्या फटीतून मी वाकून पाहिलं. वाट पाहत आहे, ही ओळ गेली होती. तिच्या जागी एक पट्टी होती आणि ती डावीकडून भरत चालली होती.

नंतर मी लावून पाहिलं, बाबांचे दहा घड्याळात तेरा सेकंदांचे भरतात. सरळ तेरा लिहायला त्या माणसाला काय झालं होतं, हे मी त्याला अजून विचारते आहे.

पट्टी भरली. खाली अक्षरं आली, की फाइल पोचली आहे, लिहिणं चालू आहे, पाच मिनिटं वीज बंद करू नये. आणि डबीचा दिवा लुकलुकायला लागला. सकाळपासून ज्याची वाट पाहत होते तो लुकलुकणारा दिवा. मला हसू येतंय की रडू, ते कळेना.

बाबांचा हात वर आला. शांतपणे, सवयीने, कोणी पाहत नसल्यासारखा तो डबीच्या खटक्याकडे निघाला.

मी तो हात हवेतच पकडला. तोंडात शब्द आले होते, तेच दोन शब्द, जिभेच्या टोकावर. आवाज नव्हता म्हणून ते बाहेर पडले नाहीत, एवढंच.

"दिवा आहे," बाबा मला समजावून सांगू लागले. "लुकलुकतोय. सगळे कागद उजाडतील, वाया जातील."

तेव्हा मला ती काळी पट्टी कळली. नवऱ्याने डबीच्या दिव्यावर ती उगाच लावलेली नव्हती. मी विचारलं, "बाबा, सकाळी मी दुधाकडे गेले तेव्हा तुम्ही हा खटका बंद केला होता?"

त्यांची ताठ झालेली पाठ माझ्या डोळ्यांदेखत वाकली. त्यांनी हात सोडवून घेतला आणि पाठीमागे नेला, सकाळी होता तसाच. "लगेच चालू केला परत," ते म्हणाले. "तू येत होतीस." मग ते स्टुलावरून उठले. "जातो मी बाहेर."

"कुठे बाहेर?"

"बाहेर. तू म्हणतेस ना, बाहेर व्हा." त्यांनी दाराच्या कडीला हात घातला. "रागावू नकोस. मी लगेच होतो. मागे ते दार लागलेलं होतं, तेव्हा मला होता येईना."

लाल उजेडात त्यांचा हात कडीवर होता आणि बाहीतून अकरा टाक्यांची रेघ दिसत होती. या वेळी मला पहिला विचार दाराचा आला नाही. या खोलीतून बाहेर म्हणजे स्टुडिओतून बाहेर. ग्राहक आत डोकावायला लागले की बाबा त्यांना इथूनच सांगायचे, बाहेर व्हा, आणि लोक सरळ रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. या घरात त्या शब्दाचा एकच अर्थ होता. मी सांडलेल्या पॉलिशवरून ओरडले तेव्हा ते बाहेर झाले, कालव्यापर्यंत बाहेर, कारण कुठे थांबायचं ते मी सांगितलं नव्हतं. मी कुलूप लावलं आणि तरी ओरडत राहिले, तेव्हा त्यांनी काच फोडून का होईना, माझं ऐकलं. आज सकाळी ऐकलं. मघाशी ऐकलं, आणि ट्रकपुढे जाऊन उभे राहिले. वर्षभर मी या माणसाची धास्ती घेऊन जगत होते, आणि हा माणूस माझी धास्ती घेऊन माझ्याच घरात जगत होता. घंटा मला दार उघडलं एवढंच सांगायची. का उघडलं ते तिला तरी कुठून ठाऊक असणार?

कडी सरकली. दार उघडलं असतं तर ते गेले असते, आणि मी त्यांच्यामागे धावले असते, आणि डबी जगली काय, मेली काय, मला काही सुचलं नसतं. मी ओरडून थांबवू शकत नव्हते. आता तर नाहीच. मी डबीच्या दिव्यावर अंगठा दाबून धरला. उजेड गेला.

"बाबा," मी म्हटलं, "आत या. दिवा झाकलाय मी. मला अजून मोजून हवंय."

ते वळून पाहत राहिले. खरंच झाकलाय का, हे त्यांनी खाली वाकून पाहिलं.

"किती?"

पाच मिनिटांचा हिशोब मला त्या क्षणी जमण्यासारखा नव्हता. "तीनशे," मी म्हटलं.

"तीनशे? काळाठिक्कर होईल की फोटो."

"होऊ दे. मला तसाच हवाय."

ते काहीतरी पुटपुटले, बहुतेक माझ्या अकलेबद्दल, आणि कडी परत लावून स्टुलावर येऊन बसले. मोजायला लागले. मी अंगठा दिव्यावर आणि डोळे बाबांवर ठेवून ऐकत होते. शंभराच्या आसपास ते अडखळले आणि दाराकडे बघू लागले. मी हळूच पुढचा आकडा सांगितला. त्यांनी तो उचलला. एकशे साठला पुन्हा तसंच झालं. दोनशे तीसला माझ्या अंगठ्याखालचा दिवा लुकलुकायचा थांबल्यासारखं वाटलं, पण मी अंगठा काढला नाही, कारण तो पुन्हा नुसता लागून राहिलेला असेल तर मला ते बघायचं नव्हतं. तीनशे झाले. बाबा म्हणाले, सोड. मी लॅपटॉपचं झाकण उघडलं. डबी तिथे होती, नावासकट.

काळी पट्टी मी सर्वांत आधी परत चिकटवली. मग जपून ठेवलेली सेटिंग चढवली. मग पुढच्या खोलीत जाऊन दार उघडलं आणि त्याच क्षणी फोन केकाटला. तीनदा उघडून तीनदा खात्री केली. बाबा खुर्चीत बसून कान झाकून घेत होते, त्यांना तो आवाज कधीच आवडला नव्हता. मी फोनचा आवाज निम्म्यावर आणला.

सातला नवऱ्याचा फोन आला. मी त्याला सगळं सांगितलं, म्हणजे डबी मेली, कृती सापडली, बाबांनी मोजलं. ट्रकचं त्याला सांगेन, पण तो घरी आल्यावर. मोजल्याचं ऐकून तो इतका वेळ हसला की रेंज जाईल असं वाटलं. मग त्याच्यातला इंजिनवाला जागा झाला आणि त्याने विचारलं की पण मुळात ती मेली कशी, मध्येच वीज गेली होती का. फोन स्पीकरवर होता. समोर बाबा अल्बमचं पान अर्धवट उलटून थांबले होते. त्यांचं एक पाऊल दाराकडे वळलेलं होतं.

"माझाच धक्का लागला रे खटक्याला," मी म्हटलं. "दूध उतू जात होतं, मी घाईत वळले."

तो म्हणाला, तुझी घाई एक दिवस आपल्याला बुडवणार आहे. मी म्हटलं, हो. बाबांनी पान उलटलं. थोड्या वेळाने त्यांनी अल्बम माझ्याकडे फिरवून एका फोटोवर बोट ठेवलं, स्टुडिओच्या पायरीवर बसलेला अर्ध्या चड्डीतला माझा नवरा, आणि मला विचारलं, हा कोण ते ओळख पाहू.

त्या संध्याकाळी फोन दारासाठी एकदाही केकाटला नाही. बंद पडलाय की काय म्हणून मी दोनदा तपासला. चालू होता.